केनेथच्या पाठीशी

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं सुरुवातीच्या काळाच्या नोंदी ठेवत नाहीत, मग चरित्र लिहिणाऱ्याचे हाल होतात. माझ्या बाबतीत तसं व्हायला नको.

गेल्या महिन्यात आमच्या फौंड्रीत नवी मशिनरी बसवायला इंग्लंडहून साहेब मंडळी आली. बायकापोरांसकट. ताराबाई पार्कात बंगले घेतलेत. मालक बाळासो यांनी या ब्रिटिश समाजाची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. शब्द वापरले ते असे की, "विजयसिंह, साहेबाच्या घरचा गॅस संपलाय, तेवढा सिलिंडर टाकून या." पण बाळासो माणूस ओळखून काम देतात. कागदावर मी परचेस क्लार्क. प्रत्यक्षात आजपासून कल्चरल अटॅशे, म्हणजे सांस्कृतिक दूत.

सिलिंडर खाली ठेवला आणि गच्चीवर गेलो. पार्टी चालू होती. मुख्य इंजिनिअर रॉजरसाहेब, उंच, अबोल. त्यांच्या मिसेस पामेलाबाई, आवाज फौंड्रीच्या भोंग्यासारखा. आणि केनेथ नावाचा फिटर, एकटा असतो, रुंदीला दोन माणसांइतका. चर्चा नाटकांचीच. ही मंडळी ज्या देशात जातात तिथे म्हणे स्वतः नाटक बसवतात. पामेलाबाईंनी बहारीनपासून नैरोबीपर्यंत बसवली आहेत. त्यांनी विचारलं, इथे शोबिझ काही आहे का? मी म्हणालो, मॅडम, कोल्हापूर म्हणजे शोबिझचं माहेर. पुढच्या रविवारी शूटिंगला नेतो. डायरेक्टर माझे खास.

(डायरेक्टर आणि मी रंकाळ्यावर एकाच गाडीवर भेळ खाल्ली आहे. ते मला "जरा सरका" म्हणाले होते. विसरले नसतील.)

संकल्प: घरात फक्त इंग्रजी. जेवण काट्याचमच्याने. पोट कमी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

इंग्रजीचा प्रयोग कालपासून चालू. बायकोला, ललिताला, सकाळी म्हणालो, गुड मॉर्निंग. ती म्हणाली, "व्हय, पर दळण कोण आणनार?" मी इंग्रजीत सांगितलं की आय ॲम बिझी. ती म्हणाली, "मग भाकरी बी इंग्रजीतच खावा."

दळण आणलं. गिरणीवाल्याशी मराठीत बोलावं लागलं, तो अपवाद. काट्याने पिठलं खाता येत नाही, हा काट्याचा दोष. घशाला ताण पडत असल्यामुळे इंग्रजी तूर्त स्थगित.

१९ ऑक्टोबर, रविवार

पन्हाळा. ऐतिहासिक दिवस.

कंपनीच्या ट्रॅक्स जीपमधून ब्रिटिश समाजाला घेऊन शूटिंगवर पोचलो. डायरेक्टर लांबूनच ओरडले, "ह्या गोऱ्यास्नी कुणी आणलं रं?" मी पुढे होऊन भेळेची आठवण द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर केनेथवर गेली आणि चेहराच पालटला. सीनमध्ये दुष्ट इंग्रज कलेक्टर होता आणि मुंबईहून येणारा नट आलाच नव्हता. पाच मिनिटांत केनेथला कलेक्टर केला. पँट मागून लागत नव्हती, सेफ्टी पिना लावल्या. एकच वाक्य होतं: "ह्याला फाशी द्या!" केनेथ दर वेळी म्हणत होता, "ह्याला भाजी द्या!" क्रांतिकारकाला हसू आवरेना. शेवटी डायरेक्टर म्हणाले, राहू दे, डबिंगला बघू.

मलाही भूमिका मिळाली. मागितली नव्हती, फक्त तीन वेळा सुचवलं होतं. कलेक्टरच्या मागे छत्री धरणारा नोकर. छत्रीमुळे माझा चेहरा झाकला जात होता, म्हणून मी छत्री जरा बाजूला घेतली. डायरेक्टर ओरडले, "ए छत्री! खाली वाक!" मी वाकलो. आणि नोंद घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, मी वाकल्यावर शॉट लगेच ओके झाला.

पामेलाबाईंनी परतताना विचारलं, तुला असं बराच वेळ वाकून उभं राहता येतं का? मी म्हणालो, कितीही वेळ. त्यांनी रॉजरसाहेबांकडे अर्थपूर्ण पाहिलं. टॅलेंट लपत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

गारगोटीला सासऱ्यांना फोन. धोंडीराममामा आयुष्यभर शेतात आणि जनावरांत राहिलेले, कलेतलं फार कळत नाही. तरी जावई कुठे पोचला हे त्यांना कळायला हवं. लग्नाला अकरा वर्षं झाली, अजून "आमचे पावणं फौंड्रीत कायतरी करतात" असं लोकांना सांगतात. म्हणालो, सिनेमात काम केलं. त्यांनी विचारलं, "कसलं काम?" मी म्हणालो, ब्रिटिश सरकारच्या अगदी निकटचं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. पाडवा

ब्रिटिश समाज आमच्या घरी फराळाला. माझी तयारी कडक: टेबल शेजाऱ्यांचं, चकलीला सुरी-काटा, कॅसेटवर व्हायोलिन. सुरीने चकली उडून रॉजरसाहेबांच्या चष्म्यावर बसली. त्यांनी "थँक यू" म्हटलं. संस्कार!

दुभाष्याचं काम मी करणार होतो. पण ललिता आणि पामेलाबाई थेट भिडल्या. ललिता मराठीत ओरडून बोलायची, पामेलाबाई इंग्रजीत ओरडून बोलायच्या, आणि दोघींना सगळं समजायचं. करंज्या, सासू, गुडघेदुखी, नवऱ्याचं घोरणं, सगळे विषय झाले. मी मध्ये भाषांतर करायला गेलो तर दोघींनी एकदमच हात वर करून मला गप्प केलं. केनेथने मिरचीचा खर्डा त्यांच्याकडची गोड चटणी समजून चमच्याने खाल्ला. मग आमच्या मोरीत डोकं नळाखाली धरून बसला. ललिताने त्याला तांब्याभर ताक पाजलं, पाठीवर हात फिरवला. तेव्हापासून तो तिला "आक्का" म्हणतो. कुणी शिकवलं माहीत नाही.

जाताना पामेलाबाईंनी जाहीर केलं की नाताळाला त्यांचं पारंपरिक नाटक इथे करायचं. पँटोमाइम. बाळासो हॉल देणार. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "केनेथच्या पाठीशी भक्कम उभा राहणारा माणूस हवा. तो तूच."

झोप येणार नाही. केनेथ हीरो आणि पाठीशी मी. म्हणजे बहुधा असिस्टंट डायरेक्टर. किंवा सेकंड हीरो.

ललिताला पँटोमाइमचा अर्थ समजावून सांगितला: अतिशय गंभीर, मूक अभिनयाचा प्रकार.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिलं वाचन. पँटोमाइम मूक नसतं. फार ओरडतात.

गोष्ट पामेलाबाईंनी स्वतः रचली आहे. एक विधवा, तिचा तरणाबांड मुलगा, त्यांची लाडकी गाय, आणि गायीवर डोळा ठेवून असलेला दुष्ट सरदार. विधवेचं काम रॉजरसाहेब करणार, नऊवारी नेसून. मुलाचं काम त्यांच्यातल्या अकाउंटंटसाहेबांच्या मिसेस. मी डोळे मिटून घेतले, मग आठवलं, आपल्याकडेही पुरुष शालू नेसून स्टेजवर यायचेच. संस्कृती एकच.

केनेथ गाय आहे.

म्हणजे गायीचा पुढचा भाग. तोंड, शिंगं, पुढचे पाय. त्याच्या पाठीशी मी.

सुरुवातीला चहा घेतला. मग नीट विचार केला. संपूर्ण कथा कुणाभोवती फिरते? गायीभोवती. विधवा गेली तरी नाटक चालेल, गाय गेली तर नाटकच नाही. म्हणजे नायक गाय. आणि गायीला चालवतात कोण? मागचे पाय. हे ड्रायव्हिंग आहे.

घरी सांगितलं, मध्यवर्ती भूमिका आहे, तपशील गुप्त. इंग्लंडात तशी पद्धत असते. गारगोटीला फोन केला. मामा म्हणाले, "म्हंजे हीरो का?" लाइनमध्ये खरखर होती. मी "हं" म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार

भूमिकेचा अभ्यास. भल्या सकाळी गंगावेशीत गेलो. तिथे म्हशी समोर पिळून धारोष्ण दूध देतात. गाय नव्हती, पण मागचा भाग तत्त्वतः सारखाच. एका म्हशीमागे उभं राहून निरीक्षण केलं. वजन कसं टाकते, शेपूट कधी, का. मालकीण झुंबरबाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "काय पावणं, घ्यायची हाय का म्हस?" मी म्हणालो, नाही, पाय बघतोय. त्या म्हणाल्या, "पाय बघून काय करताय? कास बघा की." मी सांगितलं, मला पायांचंच काम आहे. त्यांनी पिळायचं थांबवून गिऱ्हाइकांना म्हटलं, "जरा सरकून घ्या बाबांनो, ह्यास्नी बरं न्हाय."

कलावंताला समाज समजून घेत नाही. येताना दोन ग्लास दूध प्यालो. पोट कमी करण्याचा संकल्प एक डिसेंबरपासून.

२३ नोव्हेंबर, रविवार

नवं संकट. पामेलाबाईंना नाटकात बाजाराचा सीन हवा आहे आणि गाय विकत घेणारी खमकी बाई हवी आहे. अस्सल मराठी बोलणारी. त्यांनी ललिताला विचारलं! मला न विचारता! मी ललिताला समजावलं की स्टेज म्हणजे खेळ नाही, माझ्यासारखा पन्हाळ्याचा अनुभव लागतो. ती म्हणाली, "मी मंडईत बोलतो तसंच बोलायचं न्हवं? मग बोलतो की."

शिवाय गायीचा अंगरखा शिवायलाही तिलाच दिलाय. आज टेप घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "म्होरचं माप केनेथदादांचं घेतलं. मागं कोण हाय?"

मी म्हणालो, आहे एक स्थानिक कलाकार. चांगला आहे.

"त्याची कंबर किती?"

माझी कंबर अडतीस. पण स्थानिक कलाकार चांगला असल्याचं मी नुकतंच बोलून बसलो होतो. बत्तीस सांगितली.

हरकत नाही. प्रयोगाला महिना आहे. सहा इंच म्हणजे काही विशेष नाही. दूध बंद.

७ डिसेंबर, रविवार

तालमी जोरात. गायीची आणि बाजाराची तालीम वेगवेगळ्या दिवशी ठेवायची मी पामेलाबाईंना कलात्मक कारणांसाठी गळ घातली. त्यांनी मान्य केलं, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. ललिताला अजून कळलेलं नाही.

केनेथ फार घाम गाळतो. मी त्याचा पट्टा धरून, वाकून, डोळे मिटून चालतो. तो "लेफ्ट" म्हणाला की लेफ्ट. काल चुकून राइट गेलो, तेव्हा गाय वेटोळं घालून बसली. पामेलाबाई म्हणाल्या, ठेवा, छान आहे.

कंबर: अडतीसच. हिवाळ्यात माप वाढतं.

२० डिसेंबर, शनिवार

कातडं घालून पहिली तालीम. ललिता घरी होती, नशीब. श्वास ओढून आत शिरलो. आतून कुरकुर आवाज येत होता. पामेलाबाईंनी विचारलं, काय वाजतंय? मी आतून म्हणालो, केनेथचा गुडघा.

उद्या प्रयोग. गारगोटीहून मामा जीप भरून आणतायत. नारळ, फेटा, हार. हीरोसाठी.

मी खरं सांगायला हवं होतं का? नाही. उद्या अभिनय बघून त्यांचं त्यांना समजेल.

२१ डिसेंबर, रविवार

प्रयोग झाला. हॉल फुल्ल. पुढे ब्रिटिश समाज आणि बाळासो, मागे फौंड्रीचे कामगार, पहिल्या रांगेत कोपऱ्याला धोंडीराममामा फेटा मांडीवर घेऊन. आत शिरण्याआधी विंगेतून मी त्यांना पाहिलं. ते हीरोच्या एंट्रीला टाळ्या वाजवायच्या म्हणून हात तयार ठेवून बसले होते. पोटात खड्डा पडला. त्यामुळे कंबर थोडी कमी झाली असावी.

पहिला अंक सुरळीत. मी निर्दोष.

बाजाराचा सीन. मला आतून फक्त केनेथचा पट्टा दिसतो. ललिता आली तशी कामगारांनी शिट्ट्या मारल्या. तिने रॉजरसाहेबांशी भाव करायला सुरुवात केली. ते इंग्रजीत किंमत सांगत, ती मराठीत त्यांच्या नऊवारीच्या निऱ्यांना नावं ठेवत. लिहिलेलं एकही वाक्य तिने घेतलं नाही. हॉल गडगडत होता. मग तिने गायीभोवती फेरी मारली. केनेथचे दात मोजले. मागे आली. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "म्होरनं बरी हाय, पर मागनं पार बसलीया! उठीव की जरा!"

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. पण मी हजरजबाबी नट आहे. उठलो.

टर्रर्र.

शिवण कंबरेला गेली. हातातला पट्टा सुटला. केनेथला काही कळलं नाही, तो ठरल्याप्रमाणे उजवीकडे निघून गेला, डोकं, शिंगं आणि दोन पाय घेऊन. स्टेजवर मी उरलो. डोक्यावर कातडं, समोर अंधार.

इथे कच्चा माणूस पळाला असता. मी चालत राहिलो. लेफ्ट, लेफ्ट. रॉजरसाहेबांना वळसा घातला, सरदाराच्या पायांत घुसलो, परत आलो. मागून एक कामगार ओरडला, "आरं, डबा सुटला, इंजिन गेलं म्होरं!" एवढा हशा मी आयुष्यात ऐकलेला नाही.

मग ललिताचा आवाज एकदम थांबला. फाटलेल्या कातड्यातून माझी निळ्या पट्ट्यांची चड्डी दिसत होती. तिनेच शिवलेली. हॉलही थांबला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आगं बया! ह्यो तर आमच्या घरचा माल हाय!"

आणि पहिल्या रांगेतून मामांचा आवाज आला. हळूच, काळजीने. "पावणं? तुमी व्हय त्ये?"

वडीलधारा माणूस विचारतोय. उत्तर न देणं बरं दिसत नाही. मी आतून म्हणालो, "व्हय, मामा."

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. लोक खुर्च्यांवर उभे होते. बाळासो डोळे पुसत होते. मी वाकलेलाच होतो, त्यामुळे अभिवादनासाठी सरळ झालो. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. पामेलाबाई विंगेत जमिनीवर बसल्या होत्या, बहुधा भारावून.

मामांनी फेटा आणला होता तो ललिताला पदरावरून बांधला. हार घातला. माझ्याकडे बघून म्हणाले, "लागलं न्हाय न्हवं कुठं?"

२२ डिसेंबर, सोमवार

पेपरात आलंय. ललिताचं नाव दोनदा, रॉजरसाहेबांच्या नऊवारीचा फोटो, केनेथचं कौतुक. शेवटी एक ओळ: "गायीनेही उत्तम साथ दिली." नाव नाही, पण जाणकार ओळखतील.

ललिता रात्री जेवताना म्हणाली, "मला का न्हाय सांगितलं? गायीचं मागचं अंग केलं म्हनून मी तुमास्नी सोडून जानार हुतो व्हय? खरं माप दिलं असतं तर उसवलं बी नसतं."

मी तिला गुप्ततेची इंग्लिश पद्धत समजावू लागलो. तिने ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी खाल्ली. काट्याशिवाय.

२८ डिसेंबर, रविवार

मोठी बातमी. पुण्यातल्या इंग्रज मंडळींनी नाटक मागवलंय. पुढच्या रविवारी. त्यांना बाजाराचा सीन जसाच्या तसा हवा, गाय फाटण्यासकट.

पामेलाबाई स्वतः घरी आल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तू खूप दिलंस. आता विश्रांती घे. रोज रोज फाटायचं म्हणजे त्यात नियंत्रण हवं, हालचालीत गाय दिसायला हवी. आणि तसा माणूस त्यांना सापडला आहे.

धोंडीराममामा.

प्रयोगानंतर म्हणे ते विंगेत गेले होते. केनेथला म्हणाले, "जनावर असं चालत न्हाय," आणि वाकून चालून दाखवलं. पामेलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ललिताने त्यांचं माप घेऊन मागचा भाग नवा शिवलासुद्धा. कंबर तीस.

मी मोठ्या मनाने मान्यता दिली. प्रवासात सल्लागार लागेलच, बॅग भरायला घेतली. तेव्हा ललिता म्हणाली, "आबा चाललं पुण्याला. मग गारगोटीला आईजवळ कोण? जनावरं कोण बघनार?"

४ जानेवारी १९९८, रविवार. गारगोटी

सकाळी धार काढायला गोठ्यात गेलो. ललिता, मामा आणि ब्रिटिश समाज काल ट्रॅक्समधून पुण्याला गेले. केनेथने खिडकीतून हात हलवला. मामा पुढच्या सीटवर होते.

गाय खरी आहे. पांढरी. तिला समजावून सांगितलं की मी या क्षेत्रातलाच आहे. तिने कान हलवले नाहीत.

सासूबाई बयाबाई दाराशी आल्या. म्हणाल्या, "पावणं, म्होरं हुबं ऱ्हाऊ नगा. नवा मानूस बघून बिचकती."

मी मागे गेलो.

"मागं बी नगा. लाथ मारंल."

मी विचारलं, मग कुठे उभा राहू?

त्यांनी बादली माझ्या हातातून घेतली, बसल्या, आणि गाय लगेच दूध देऊ लागली. जरा वेळाने वर न बघता म्हणाल्या, "तुमी घरात जावा. चुलीवर चहा हाय."

घरात आलो. चहा गार झाला होता. प्यालो.